सुनावणीच मागा, तीही लेखी

रस्त्यावरचं पार्किंग बंद करण्याच्या प्रस्तावावर रहिवाशांनी हरकत कशी घ्यावी, यावर नुसत्या सह्यांचं निवेदन पुरेल, असं इथे एकांनी म्हटलंय. मला नाही पटत; निवेदन फायलीत पडून राहतं. अर्जात ‘अंतिम आदेशापूर्वी जाहीर सुनावणी घ्यावी’ असं स्पष्ट लिहा, रस्त्याचा नेमका भाग नमूद करा आणि पोच घ्या. ज्या सर्वेक्षणावरून पार्किंग बंद करायचं ठरलं, ते आधी मागवा. गाड्या फक्त दुपारी मोजल्या असतील, तर रात्रीची खरी अडचण त्यात दिसणारच नाही. म्हणून स्वतः आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आणि रात्रीही गाड्या मोजा, सुट्टीचा दिवसही धरून. आणि सुनावणी संध्याकाळी ठेवायला सांगा, कामावर जाणाऱ्यांनाही येता आलं पाहिजे. एकेरी वाहतूक करणार असतील, तर आधी काही आठवडे प्रायोगिक तत्त्वावर करा, असं जरूर सुचवा.