मदत हवी आहे: व्हेप सोडायला लावणारं पोस्टर, सोमवारपर्यंत

घाईतला_मास्तर: सोमवारी छापायला द्यायचंय. व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, पोस्टर हवंय, वाचून मुलांनी सोडलं पाहिजे. मी केलं होतं, 'धुराच्या विळख्यात अडकू नका, आयुष्य वाऱ्यावर सोडू नका'. मुलं हसली. कवटीचं चित्र तयार आहे. पटकन एक घोषणा द्या, यमक जुळलेली.

बटाटेवडा: मुलं म्हणजे कोण? शाळेतली की कॉलेजातली? ओढतात, की ओढू नये म्हणून सांगायचंय? पोस्टर लागणार कुठे?

अण्णा_वाईकर: पोस्टरनं काय होतंय! पहाटे उठवा, भस्त्रिका करायला लावा, तोंडात ज्येष्ठमध. माझी तंबाखू अशीच सुटली.

स्वप्नजा_७: पॉपकॉर्न लंगचा फोटो टाका. टरकतात.

छातीवाला_डॉक्टर: नका टाकू. ते नाव अमेरिकेतल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांवरून पडलं. लोण्याच्या स्वादासाठी वापरलेल्या डायअसिटिलनं त्यांची फुप्फुसं गेली. व्हेपमुळे २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या आजाराची जी साथ आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू, तिच्यातही मुख्य संशय गांजाच्या तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता. पोरं हे सगळं गुगल करतात. एक गोष्ट फेकलेली निघाली की बाकीचं पोस्टरही गेलं. निकोटिनचं व्यसन लागतं, हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

कोथरूडचा_वकील: कायदा छापा. २०१९ पासून विक्री, आयात, जाहिरात सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बटाटेवडा: ते विकणाऱ्याला. ओढण्याला त्या कायद्यात वेगळी शिक्षा नाही. पोलिसांची भीती घातलीत तर सोडायची इच्छा असलेलं पोरगंही गप्प बसेल.

कोथरूडचा_वकील: साठवणुकीचं कलम वाचा आधी.

बटाटेवडा: खिशातलं एक म्हणजे गोदाम का हो?

टेम्सकाठी: इथे इंग्लंडमध्ये सिगारेटवाल्यांना सिगारेट सोडायला सरकारच व्हेप देतं. एकदाच वापरून फेकायच्या व्हेपवर मात्र १ जून २०२५ पासून बंदी आली.

अण्णा_वाईकर: इथे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर जाऊन बघा काय मिळतं ते.

घाईतला_मास्तर: अहो, यमक मागितलं होतं! बारावी आणि एफवायची मुलं. ओढणारीच. वस्तू हायलायटरसारखी दिसते, आंब्याचा वास येतो, बाहीत धरून वर्गातही ओढतात. पोस्टर मुलांच्या टॉयलेटमध्ये दाराच्या आतून लावायचंय. परवा एक जण मागे थांबून म्हणाला, 'सर, सोडायचंय, पण तास संपेपर्यंत जीव राहत नाही.'

मीनल_जर्सी: हे आधी सांगायचं ना! मग कवटी कशाला? ज्याला सोडायचंय त्याला घाबरवून काय मिळणार? इकडे अमेरिकेत ट्रुथ इनिशिएटिव्ह या तंबाखूविरोधी संस्थेनं २०१९ मध्ये 'धिस इज क्विटिंग' ही मोफत सेवा काढली. मुलानं फोनवरून मेसेज टाकायचा, मग त्याला मेसेज येत राहतात, सोडायच्या प्रयत्नात असलेल्या इतर मुलांचे अनुभवही. १८ ते २४ वयाच्यांवर चाचणी झाली: सात महिन्यांनी सेवा घेणाऱ्यांतले २४.१ टक्के सुटलेले होते, न घेणाऱ्यांतले १८.६. फरक फार मोठा नाही, पण आहे. तुमच्या दारावर मोठ्या अक्षरात 'सोडायचंय, पण जमत नाही?' आणि खाली राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन, १८००-११-२३५६. बास.

छातीवाला_डॉक्टर: +१. त्यात एवढं घाला: चिडचिड होईल, झोप बिघडेल, अभ्यासात लक्ष लागणार नाही, पहिला आठवडा सगळ्यात वाईट. तल्लफ आली तरी काही मिनिटांत ओसरते. हे माहीत नसलं की पोरांना वाटतं आपल्यातच काही कमी आहे, आणि दोन दिवसांत परत सुरू. निकोटिनचे च्युइंगगम परस्पर वाटू नका, अठराच्या आतल्यांना तर नाहीच. डॉक्टरला विचारा.

अण्णा_वाईकर: ज्येष्ठमधाला डॉक्टर लागत नाही.

छातीवाला_डॉक्टर: बीपी वाढतं त्यानं. किती खाता रोज?

फ्लेक्ससम्राट: ग्लॉसी लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइट चमकते, अक्षरं दिसत नाहीत. मॅट करा.

घाईतला_मास्तर: कवटी काढली. यमक कोणीच दिलं नाहीत. त्या नंबरवर मराठीत बोलतात का?

मीनल_जर्सी: छापायच्या आधी स्वतः लावून बघा. आणि मागे थांबलेल्या त्या मुलाला मजकूर दाखवा, आम्हाला नको.

घाईतला_मास्तर: बरं. उद्या फोन लावतो, त्यालाही बोलावतो. मॅट नक्की ना?