बांबूच्या धनुष्यावर बाण सारखा डावीकडे जातोय, फॉर्म कसा सुधारू? (बजेट ३०००)

गिरणारेकर: नमस्कार मंडळी. आठ महिने झाले, गिरणाऱ्याला मळ्यात रोज सकाळी बाण मारतो. धनुष्य बांबूचं, सुरगाण्याकडच्या एका काकांनी माझ्यासमोर तासून दिलेलं. नेमाची साइट, तोल धरणारा स्टॅबिलायझर काही नाही आणि लावायचंही नाही. उजव्या हाताने ओढतो. १५ मीटरवर दहातले सात बाण वीतभर डावीकडे लागतात. दोरीला सामानाचा काटा अडकवून २८ इंचांपर्यंत ओढलं तर १८ किलो भरले, म्हणजे ४० पाउंड. फॉर्म, म्हणजे बाण मारण्याची पद्धत, सुधारायला काय घेऊ? ३००० च्या वर खरंच जमणार नाही.

सिडको_चौक: ३००० विसरा. मी १६००० चा टेकडाउन (भाग सुटे होणारं धनुष्य) घेतला, २४ पाउंडचे लिंब्स, म्हणजे वाकणारी पाती. पहिल्या आठवड्यातच हात स्थिरावला. पुढे फक्त लिंब्स बदलायचे. नवशिक्याला ४० पाउंड म्हणजे फार झालं.

पंचवटीकर: डावीकडे म्हणजे बाणाचं स्पाइन (काडीचा ताठपणा) कडक. बांबूच्या धनुष्याला बाणासाठी खिडकी (मधली खाच) कापलेली नसते, बाणाला वाकून दांड्याला वळसा घालावा लागतो. कडक बाण वाकत नाही, बाहेर फेकला जातो. हे कळेपर्यंत माझा डझनभर बाणांचा खर्च वाया गेला. दोन बाणांची पिसं काढून मारा. ते पिसांच्या बाणांच्याही डावीकडे लागले तर बाण कडक आहे.

देवळाली_कॅम्प: पण तीन बाण नीट लागतात ना? बाण तेच, धनुष्य तेच. मग आधी रिलीज, म्हणजे दोरी कशी सोडता ते बघा. सतार छेडल्यासारखा हात बाहेर झटकला की दोरी उजवीकडे ओढली जाते आणि बाण डावीकडे जातो. सुटल्यावर बोटं गालाला घासत कानाखाली यायला हवीत. मागून मोबाइलवर शूटिंग करा. कोपर बाणाच्या रेषेत आहे का तेही दिसेल.

सातपूर_शिफ्ट: धनुष्याच्या ओढीचं वजन कमी करा हो. मी ४५ पाउंडवर सुरुवात केली, चार महिन्यांत उजवा खांदा धरला. शर्ट चढवायला मुलगा लागायचा. दीड वर्ष गेलं त्यात.

तिरंदाजाची_आई: रीतसर अकादमी लावा. आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ ला बर्लिनमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं, तेही १७ व्या वर्षी. माझी लेक तिलाच बघून या खेळात आली, आता इंडियन राउंडला (बांबू-लाकडाच्या धनुष्याचा गट) ३० आणि ५० मीटर मारते. कोच डोळ्यासमोर हवाच.

देवळाली_कॅम्प: ताई, लेकीचं कौतुकच आहे. पण अदितीचा प्रकार कंपाउंड, चाकांचं धनुष्य. त्यात पूर्ण ओढल्यावर वजन उतरतं आणि दोरी यंत्राने सुटते. इथे सगळं बोटांवर.

पंचवटीकर: स्पाइन तपासलं का? त्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे.

ओझरचा_बागाईतदार: दादा, टार्गेटच्या मागे काय आहे ते आधी सांगा. हंगामात बागेत पहाटेपासून बायामाणसं असतात. चुकलेला बाण पानांतून दिसतही नाही.

गिरणारेकर: मागे डोक्यापेक्षा उंच बांध आहे आणि पलीकडे पडीक. तरी पुतण्याला उभा करूनच मारतो.

बिनपिसाचे दोन बाण मारले, ते पिसांच्या बाणांजवळच लागले. म्हणजे बाण ठीक आहेत. मग पुतण्याने मागून शूटिंग केलं. तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला टेकते, पण नेम धरता धरता तिसऱ्या सेकंदाला हात बोटभर पुढे सरकतो. मग घाईने सोडतो आणि हात बाहेर जातो. नीट लागलेल्या तिन्ही बाणांत हात सरकण्याआधीच बाण सुटलाय.

तुम्ही सगळे वजन कमी करा म्हणता, पटतं. तरीही दुसरं धनुष्य घेणार नाही. काकांनी हा बांबू माझ्या हाताच्या मापाने निवडला होता, आता ते नाहीत. त्यामुळे खरेदी फक्त बोटं झाकणाऱ्या चामड्याच्या फिंगर टॅबची. महिनाभर तीन मीटरवर, चिंध्या भरलेल्या गोणीसमोर, डोळे मिटून मारायचं. नेम धरायचाच नाही, अँकर (ओढलेला हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) आणि पाठीने ओढणं तेवढं बघायचं. रोज ३० बाण.

सातपूर_शिफ्ट: ४० पाउंडवर ३० नको. १५ मारा, आणि हात थरथरला की सोडू नका, सावकाश उतरवा.