झपाटलेला, पछाडलेला आणि अंगात येणं

काल टीव्हीवर परत महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३) लागला होता, तर डोक्यात आलं की २००४ चा 'पछाडलेला' पण त्यांचाच, मग या दोन शब्दांत नेमका फरक काय? दोन्हीचा अर्थ भूत लागलेला एवढाच ना?

–

फरक आहे हो. झपाटलेला कार्यकर्ता म्हटलं की माणूस खूश होतो, पछाडलेला कार्यकर्ता म्हणून बघा कुणाला! पछाडणं म्हणजे पार लोळवणं, म्हणून कर्जानं पछाडलं, दुखण्यानं पछाडलं असं म्हणतात. पिक्चरमध्ये एवढा विचार नसावा, पहिलं टायटल चाललं म्हणून दुसरं तसंच ठेवलं असेल.

–

आमच्या सातारकडं लागीर झालं म्हणत्यात. सिरीयल आल्यापासून पोरांना वाटतं लागीर म्हणजे प्रेमच. आणि म्हातारी माणसं भुताचं नावच घेत नाहीत, 'एकदा बाहेरचं बघून घ्या' एवढंच म्हणतात, समजायचं ते समजतं.

–

माझ्या मते पिक्चरवाल्यांचा खरा घोळ 'अंगात येणं' मध्ये आहे. अंगात देवी येते, भूत लागतं किंवा धरतं. देवी आली की बायका हळदकुंकू लावतात, ओटी भरतात, पोरीचं लग्न कधी जमेल ते विचारतात, आणि भूत असलं की अंगारा, लिंबू, तिठ्यावर उतारा आणि त्याला हाकलायची घाई. म्हणजे एकीला थांबवून घ्यायचं, दुसऱ्याला घालवायचं, पण पडद्यावर दोन्हीला तेच मोकळे केस, तेच घुमणं, तोच ढोल, त्यामुळे शहरातल्या प्रेक्षकाला सगळं एकच वाटतं. 'कांतारा' (२०२२) मधलं भूत कोला, म्हणजे नाचता नाचता भूत अंगात येण्याचा विधी, तर अजून वेगळं, तुळू लोकांचं भूत म्हणजे राखण करणारं दैवत, आपण भूत ऐकलं की लगेच हडळ-खवीस शोधायला लागतो.

–

आमच्याकडे भूतपण अंगात येतं बरं का. इतकी काटेकोर विभागणी कोणी करत नाही.

–

बोलताना करत नसतील, वागताना करतात.

–

मांत्रिकाचं पण बोला कोणीतरी. काळी कफनी, कवटी, 'फट् स्वाहा'. खरा देवऋषी शेजारचाच शेतकरी असतो, आमच्या कोकणात घाडी, आदिवासी पाड्यावर भगत. तो भुताला 'हिला सोड' नाही म्हणत, 'झाड सोड' म्हणतो, ज्याला धरलंय ते झाड. हा शब्द एकाही पिक्चरमध्ये ऐकला नाही. उलट मिरचीची धुरी, साखळीनं बांधणं हे मात्र हौसेनं दाखवतात, जे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चक्क गुन्हा आहे. त्यापेक्षा 'भूल भुलैया' (२००७) बरा, तिथं सगळा तमाशा मानसोपचारतज्ज्ञच मुद्दाम घडवून आणतो. मूळ कल्पना १९९३ च्या मल्याळम पिक्चरची.

–

मग 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) च्या सबटायटलला मांत्रिक चालेल का?

–

नको. तिथं बिशपची परवानगी लागते, चर्चनं नेमलेला माणूस असतो. भूत उतरवणारा पाद्री लिहा, लांब झालं तरी चालेल.