कामानिमित्तची फिरती : ‘आता पुरे’ हे आपण कशावरून ठरवले?

माझे वय ४१, राहणे पुण्यात, आणि गेली चौदा वर्षे मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करते. आतापर्यंत पुरवठादारांकडे जाण्याचे काम चाकण, रांजणगाव आणि फार तर वाळूज एवढ्यापुरते होते. सकाळी निघून रात्री उशिरा का होईना, घरी परतता येत असे. आता जे पद देऊ केले आहे, त्यात पिथमपूर (मध्य प्रदेश), पंतनगर (उत्तराखंड) आणि होसूर (तमिळनाडू) येथील पुरवठादारही माझ्याकडे येतील, आणि ‘महिन्याला साधारण दहा-बारा दिवस फिरती’ असे मला तोंडी सांगण्यात आले आहे. या ‘साधारण’ शब्दापाशी मी आठवडाभर अडकले आहे. मुलगा पाचवीत आहे, सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, आणि नवऱ्याची नोकरी पाळ्यांची आहे. पंतनगरला जायचे म्हणजे दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे पाच-सहा तास मोटार, म्हणजे एका दिवसाच्या ऑडिटसाठी तीन दिवस जाणार. कागदावर मात्र ती एकच ‘भेट’ असते.

प्रवासात प्रकृती कशी सांभाळावी, बॅग कशी भरावी, यावरचे सल्ले मी पुष्कळ वाचले. मला विचारायचे आहे ते असे की, आपल्याला किती फिरती झेपते हे आपण कशाने मोजले, आणि ‘आता पुरे’ असे ज्या दिवशी ठरवले, त्या दिवशी नेमके काय घडले होते? जे अजून फिरत आहेत आणि ज्यांना फिरणे मनापासून आवडते, त्यांनीही अवश्य लिहावे.

साखर कारखान्यांतील यंत्रदुरुस्ती, कोल्हापूर

तेवीस वर्षे मी साखर कारखान्यांतील सेंट्रिफ्युगल यंत्रांच्या दुरुस्तीसाठी फिरलो. ज्यांना हे क्षेत्र परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो: पॅनमध्ये शिजून दाणा धरलेल्या घट्ट रसातून मळी बाजूला काढून साखर वेगळी करण्याचे काम ही यंत्रे करतात, आणि ती थांबली की मागचे सगळे तुंबत जाते. यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर साखरेचा उतारा घसरू लागतो, आणि त्यामुळे फोन रात्री अकराला येवो की पहाटे तीनला, पलीकडचा माणूस ‘कधी निघताय’ असे विचारतच नाही; तो ‘कुठवर आलात’ असेच विचारतो.

सुरुवातीला हिशेब सोपा होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बॉयलर पेटायचा आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडायचा, म्हणजे गाळप संपायचे. दिवाळीनंतर बाबा नसतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात, हे घरात सर्वांनी मान्य करून टाकले होते. पुढे आमच्या कंपनीने उत्तर प्रदेशातील कामे घेतली. तिकडचे काही कारखाने मे महिन्यापर्यंत चालतात, आणि पावसाळ्यात तर सगळीकडेच यंत्रे खोलून दुरुस्तीला काढलेली असतात. अशा रीतीने पाच महिन्यांची फिरती तीन-चार वर्षांत दहा महिन्यांची झाली. हे कोणी एका दिवशी समोर बसवून सांगितले नाही, त्यामुळे ‘नाही’ म्हणण्याचा दिवसही कधी उजाडला नाही.

एका जानेवारीत मी एकटाच गाडी चालवत कराडच्या पुढे निघालो होतो. पहाटेचे अडीच वाजले असतील. समोर उसाची ट्रॉली होती, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि ती मला दिसली तेव्हा मध्ये फार तर दोन गाड्यांचे अंतर उरले होते. गाडी डावीकडच्या मातीत उतरली, ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाने काच फोडली आणि दोन कांडी शेजारच्या सीटवर येऊन पडली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. साडेपाच वाजता मी कारखान्यात बेअरिंग बदलायला बसलो होतो आणि घडलेला प्रकार कोणालाही सांगितला नव्हता. चार दिवसांनी घरी गेल्यावर सीटखाली राहिलेला उसाचा तुकडा मुलाला सापडला आणि ‘बाबा, खाऊन उरलेला आहे का?’ असे त्याने विचारले, तेव्हा माझे हातपाय पहिल्यांदा गळाले.

त्यानंतर रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत स्वतः गाडी चालवणार नाही, असे मी वरिष्ठांना लेखी कळवले. काही कॉल दुसऱ्यांकडे गेले, एका वर्षी पगारवाढ कमी मिळाली, आणि त्याहून वाईट काहीही घडले नाही. ताई, दहा-बारा दिवस हा आकडा मोजण्याआधी त्यातली किती वाटचाल रात्रीची आहे, ते मोजा.

औषध कंपनीचा प्रतिनिधी, सोलापूर

आमच्या व्यवसायात फिरतीचे तीन प्रकार असतात: हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन आणि आउटस्टेशन. हेडक्वार्टर म्हणजे राहत्या गावातले काम, एक्स-स्टेशन म्हणजे बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परतणे, आणि आउटस्टेशन म्हणजे मुक्काम. मुक्कामाचा भत्ता अर्थातच अधिक असतो. सोलापूरहून पंढरपूर सुमारे ७० किलोमीटर आहे. पूर्वीच्या कंपनीत ते माझे मुक्कामाचे गाव होते, आणि ते सोयीचेही होते, कारण तिथले माझ्या यादीतील बहुतेक डॉक्टर सायंकाळची ओपीडी उरकल्यावर, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊला, प्रतिनिधींना आत बोलावत. एका एप्रिलमध्ये नवा टूर प्रोग्राम आला आणि पंढरपूर एक्स-स्टेशन झाले. डॉक्टरांची यादी तीच, वेळा त्याच, फक्त लॉजवर झोपण्याऐवजी रात्री अकराला डॉक्टरांना दाखवायच्या औषधांच्या माहितीची बॅग टाकीवर ठेवून मोटारसायकलवरून परतायचे. कागदोपत्री पाहिले तर माझी फिरती निम्म्याहून कमी झाली होती, कारण महिन्यातले मुक्काम आठवरून तीनवर आले होते. त्या तिमाहीच्या बैठकीत याबद्दल माझे अभिनंदनही झाले.

मी नोकरीला लागलो तेव्हा विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७६ च्या कायद्यानुसार नियुक्तिपत्र लेखी देणे बंधनकारक होते, त्यामुळे ते माझ्याजवळ होते. परंतु कोणते गाव कोणत्या प्रकारात मोडते, हे त्यात कुठेही नव्हते. तो तक्ता दरवर्षी बदलणारा वेगळा कागद असतो. आपल्या बाबतीत ‘दिवस’ कशाला म्हणणार हे आधी विचारून घ्या. रविवारी दुपारी घर सोडून सोमवारी ऑडिटला उभे राहायचे असेल, तर तो रविवार कोणाच्या खात्यात जातो?

सनदी लेखापाल, नागपूर

मी फक्त एप्रिलमध्ये फिरतो. बँक शाखांचे वैधानिक लेखापरीक्षण त्या महिन्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उरकायचे असते, आणि विदर्भातल्या उन्हात चार गावे करावी लागली तरी मला तो प्रवास आवडतो, कारण त्याला शेवटची तारीख असते. वर्षभर ‘साधारण’ चालणारी फिरती मी घेतली नसती.

बोटीवर असलेल्या इंजिनिअरची पत्नी, रत्नागिरी जिल्हा

इथे फिरणाऱ्यांनीच लिहिले आहे, म्हणून घरी राहणाऱ्या माणसाचे लिहिते. आमच्या घरी किती प्रवास पुरे याचे उत्तर बरीच वर्षे एकाच आकड्यात होते, आणि तो आकडा आयकराने दिलेला होता. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस झाले की माणूस इथला रहिवासी धरला जातो आणि त्याला बाहेरच्या पगारावरही इथे कर लागतो, म्हणून दर्यावर्दी मंडळी देशाबाहेरचे १८४ दिवस भरतात की नाही याकडे डोळे लावून असतात. आमच्या फ्रीजवर दिनदर्शिका असायची आणि तीवर साइन ऑनच्या, म्हणजे बोटीवर रुजू झाल्याच्या, तारखेपासून पेन्सिलने आकडे लिहिलेले असायचे. एका वर्षी सासऱ्यांच्या पायाचे हाड मोडले तेव्हा यांचे १७१ दिवस झाले होते. मी फोनवर ‘या’ म्हणाले नाही. ‘तेरा दिवसच राहिलेत ना’ असे म्हणाले. ते वाक्य माझ्या तोंडून गेले याची लाज मला आजही वाटते.

२०२० मध्ये बंदरे बंद झाली, जागा घेणारे बदली लोक (रिलिव्हर) पोहोचेनात, आणि सहा महिन्यांचा करार साडेदहा महिन्यांवर गेला. सागरी श्रमिकांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बोटीवरचा सलग काळ बारा महिन्यांच्या आत असावा लागतो, ही मर्यादा मला त्या वर्षी पहिल्यांदा कळली, आणि आपण तिच्या इतक्या जवळ आलो आहोत हेही कळले. ते परतल्यावर आम्ही दोघांनी बसून ठरवले की, यापुढे चार महिन्यांपेक्षा मोठा करार घ्यायचा नाही आणि कर भरावा लागला तर भरायचा. पगार कमी झाला, वरून कर आला, वरच्या मजल्याचे बांधकाम सळया वर काढून तसेच राहिले आहे. गणपतीला ते आता दरवर्षी नसले तरी तीन वर्षांतून दोनदा असतात.

अंगणवाडी पर्यवेक्षिका, मराठवाडा

वरचे सर्व अनुभव वाचून वाटले की, फिरती म्हणजे केवळ शिक्षाच, असा समज व्हायला नको. माझे लग्न एकत्र कुटुंबात झाले. घरी अकरा माणसे होती, आणि मासिक फिरती कार्यक्रमात माझ्या नावापुढे गाव लिहिले गेले की त्या दिवशी सकाळच्या भाकरी करून मी मोकळी होत असे. एसटीच्या खिडकीशी बसून गेलेला तास-दीड तास हा दिवसातला माझा एकटीचा वेळ होता. फिरतीचे दिवस कमी करून कार्यालयात बसण्याची संधी मला दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा मी ती नाकारली. घरी मात्र ‘साहेब सोडत नाहीत’ असे सांगितले.

मर्यादा आली ती वेगळ्याच बाजूने. ज्या गावांत मी जात असे, तिथल्या बऱ्याच अंगणवाड्यांत वापरता येईल असे स्वच्छतागृह नव्हते. म्हणून सकाळी निघताना पाणी प्यायचे नाही, आणि गावात कोणी तांब्या पुढे केला तरी ओठ ओले करून परत द्यायचा, अशी सवय लागली. मराठवाड्यातल्या मे महिन्यात ही सवय मी एकोणीस वर्षे पाळली. मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होऊ लागला, मग खडा निघाला, आणि डॉक्टरांनी दिवसभरात पाणी किती पिता असे विचारले तेव्हा मी खरे उत्तर दिले. त्यानंतर मी गावांची यादी घेतली आणि प्रत्येक गावापुढे ‘सोय आहे’ किंवा ‘सोय नाही’ असे लिहिले. ‘नाही’ असलेली दोन गावे एका दिवशी लागोपाठ घ्यायची नाहीत, एवढाच बदल केला. निवृत्तीपर्यंत फिरले. आपण ऑडिटला जाल त्या कारखान्यांत बायकांची सोय कशी आहे, हे पहिल्या भेटीआधीच निःसंकोच विचारा. प्रश्न क्षुल्लक वाटला तरी विचारा.

रंगमंचामागचा कामगार, मुंबई

आमची मोजणी ‘नाइट’वर असते: प्रयोग झाला तर नाइट मिळते, घरी बसलो तर काही नाही. सांगलीला भावे नाट्यमंदिरात रात्रीचा प्रयोग संपला की सेट उतरवून ट्रकमध्ये भरेपर्यंत दोन वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात बालगंधर्वला तोच सेट उभा करायचा असतो. त्यामुळे किती प्रवास अति होतो, हा प्रश्न विचारण्याची चैन आमच्याकडे फारशी नसते, हे तक्रार म्हणून नव्हे तर माहिती म्हणून लिहितो. तरीही मी एक खूण ठरवली आहे. सेटचे भाग कोणत्या क्रमाने ट्रकमध्ये जातात, हे मला विचार न करता येते. ज्या दौऱ्यात दरवाजाची चौकट आधी चढवायची की खिडकी, असा विचार करत मी उभा राहतो, त्या दौऱ्यानंतरचा पुढचा दौरा मी दुसऱ्याला देतो. वर्षातून एकदा-दोनदा तसे होते.

धागा सुरू करणारीकडून

सर्वांचे आभार. सोलापूरच्या दादांचा रविवारचा प्रश्न मी जसाच्या तसा मनुष्यबळ विभागाला विचारला. उत्तर आले की, फिरतीचा दिवस म्हणजे पुरवठादाराच्या आवारात असलेला दिवस. त्या हिशेबाने गेल्या वर्षीच्या कामाच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा त्या पदावरच्या माझ्या आधीच्या सहकाऱ्याचे महिन्याला सरासरी नऊ ‘दिवस’ होते. त्यांच्याशीच फोनवर बोलून घराबाहेरच्या रात्री विचारल्या, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि पंधरा ते सतरा म्हणाले.

मी लेखी मागितले आहे ते असे: महिन्याला घराबाहेरच्या रात्री दहाच्या वर जाणार नाहीत, पंतनगरच्या दोन भेटी एकाच फेरीत होतील, दिल्लीच्या पुढचा मोटारप्रवास दिवसा होईल, आणि रविवारी निघावे लागले तर बदली रजा मिळेल. स्वच्छतागृहाचा मुद्दाही पुरवठादारांच्या तपासणी यादीत घालण्याची सूचना केली आहे. पहिल्या मसुद्यात ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ एवढेच शब्द आले होते, म्हणून काल तो सही न करता परत पाठवला. सोमवारी बैठक आहे.