ऑडिटनंतर टोकनच्या कोडमध्ये वीस ओळी वाढल्या. जुना अहवाल दाखवावा का?

घणसोलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. मी महापे येथील एका छोट्या कंपनीत बॅकएंडचे काम पाहतो. वाशीच्या फळबाजारात प्लास्टिकच्या क्रेटसाठी घेतली जाणारी अनामत चिठ्ठीऐवजी टोकनच्या, म्हणजे ब्लॉकचेनवरील डिजिटल नाण्यांच्या, रूपाने नोंदवावी, असा आमचा प्रकल्प आहे. व्यापाऱ्याने अनामत भरली की तेवढी टोकन तयार होतात, क्रेट नेताना ती अडकतात आणि क्रेट परत आला की सुटतात.

ईआरसी-२० या टोकनच्या प्रमाणित पद्धतीचे हे कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्राम) सॉलिडिटी या भाषेत साधारण चारशे ओळींचे आहे. पाया ओपनझेपेलिन या तयार कोडसंग्रहाचा असून अडकलेल्या रकमांची वही मात्र आमची स्वतःची आहे. समोर यूयूपीएस प्रॉक्सी आहे, म्हणजे पत्ता तोच ठेवून मागचे कॉन्ट्रॅक्ट बदलता येते. दीड महिन्यापूर्वी बाहेरच्या ऑडिटरने अहवाल दिला. गंभीर त्रुटी एकही नव्हती, मध्यम स्वरूपाच्या दोन होत्या आणि त्या आम्ही दुरुस्त केल्या. ओनर हे एकच वॉलेट असून त्याला टोकन छापता येतात, व्यवहार थांबवता येतात, कोणालाही काळ्या यादीत टाकता येते आणि कॉन्ट्रॅक्टच बदलता येते, या मुद्द्यापुढे तेवढा ‘मान्य, बदल नाही’ असा शेरा आमच्या बाजूने लिहिला गेला.

त्यानंतर एक फंक्शन वाढवले. दिवसअखेरीस ऑपरेटर पत्त्यांची यादी आणि प्रत्येकी द्यायची रक्कम देतो. पत्त्यांची संख्या गुणिले रक्कम असा एकूण आकडा अडकलेल्या कोठ्यातून एकदाच वजा होतो, आणि मग प्रत्येकाच्या खुल्या शिल्लकेत त्याचा वाटा मिळवला जातो. गॅस (गणनेमागे द्यावे लागणारे शुल्क) वाचावा म्हणून हा हिशेब अनचेक्ड खंडात, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेल्याची तपासणी बंद ठेवून, लिहिला आहे. सगळ्या मिळून वीस ओळी असतील. स्लिदर हे कोडमधील त्रुटी शोधणारे साधन चालवून पाहिले, त्यात दखल घ्यावी असे काही निघाले नाही. अहवाल आहे तसाच संकेतस्थळावर लावावा, असे संस्थापकांचे म्हणणे आहे. वीस ओळींसाठी पुन्हा ऑडिट मागणे हा माझा अतिरेक ठरेल काय? आणि तो ‘मान्य, बदल नाही’ हा शेरा इतरत्रही असाच सोडून दिला जातो काय?

खाडीपलीकडचा यांचे उत्तर

मी ठाण्यात राहतो आणि गेली काही वर्षे हेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या अहवालाच्या पहिल्या दोन पानांत कोठेतरी कमिटचा हॅश, म्हणजे तपासलेल्या कोडच्या नेमक्या आवृत्तीची खूण, दिलेला असेल. अहवाल त्या हॅशपुरता असतो. त्यापुढच्या कोडविषयी ऑडिटरने काहीही म्हटलेले नाही, आणि मध्यम त्रुटींच्या आपल्या दुरुस्त्याही त्यांनी पुन्हा तपासल्या आहेत किंवा नाहीत, हे अहवालाच्या शेवटच्या भागात पाहावे लागेल.

आता त्या वीस ओळी. आपण वर्णन केलेली रचना वाचून मला एप्रिल २०१८ मधील ब्युटीचेन टोकनची आठवण झाली. त्यांच्या बॅचट्रान्सफर फंक्शनमध्ये नेमके हेच होते: घेणाऱ्यांची संख्या गुणिले रक्कम, मग पाठवणाऱ्याकडे तेवढी शिल्लक आहे का याची तपासणी, मग एकदाच वजाबाकी आणि प्रत्येकाला बेरीज. हल्लेखोराने घेणारे दोन ठेवले आणि प्रत्येकी रक्कम दिली २ चा २५५वा घात. त्याची दुप्पट २५६ बिटांत मावत नाही, म्हणून एकूण आकडा शून्य झाला. शून्य टोकन तर कोणाकडेही असतात. तपासणी बिनतक्रार पार पडली आणि दोन्ही खात्यांत अवाढव्य टोकन जमा झाली. गंमत म्हणजे त्याच फंक्शनमध्ये वजाबाकी व बेरीज सुरक्षित लायब्ररीतून केलेली होती, फक्त तो एक गुणाकार उघडा राहिला होता.

सॉलिडिटीच्या ०.८ आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, असा व्यवहार आपोआप उलटतो, म्हणजे रद्द होतो. अनचेक्ड खंड लिहून आपण ते संरक्षण आपल्याच हाताने काढले आहे, आणि त्यातून वाचणारा गॅस इतका किरकोळ आहे की त्यासाठी हा धोका का पत्करावा, हे मला कळत नाही. हे फंक्शन फक्त ऑपरेटरला चालवता येते, ही जमेची बाजू खरी. पण ऑपरेटरची किल्ली (सही करण्याचा गुप्त आकडा) आपल्या सर्व्हरवर पडलेली असेल तर तिला फार महत्त्व देऊ नये.

दुसरी अडचण मला अधिक व्यवहारातली वाटते. वाटा जमा करताना काळ्या यादीची तपासणी होत असेल आणि यादीतील ऐंशी व्यापाऱ्यांपैकी एकजण त्यात असेल, तर पूर्ण व्यवहार उलटेल आणि उरलेल्या एकोणऐंशी जणांची अनामतही त्या दिवशी अडकून राहील. यादी फार लांबली तर ब्लॉकच्या गॅस मर्यादेनेही तेच होईल. प्रत्येकाच्या नावे रक्कम मोकळी करून ज्याने त्याने ती स्वतः उचलावी, ही जुनी पद्धत येथे बरी.

स्लिदर उपयोगी आहे, मीही सुरुवात त्यानेच करतो. मात्र ते ओळखीचे नमुने शोधते. आपल्या वहीचा ताळेबंद काय असायला हवा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘अडकलेली अधिक खुली शिल्लक म्हणजे एकूण टोकन’ हे समीकरण एकिडना किंवा फाउंड्री या चाचणीच्या साधनांमध्ये लिहून रात्रभर वाटेल त्या आकड्यांनी ते मोडायचा प्रयत्न करावा. पुनर्तपासणी अवश्य मागावी. फक्त बदललेल्या भागाची मागितली तर खर्चही पूर्ण ऑडिटइतका येत नाही.

जुनी किल्ली यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे. पण मला त्या वीस ओळींपेक्षा ‘मान्य, बदल नाही’ या शेऱ्याची अधिक भीती वाटते. पेड नेटवर्क या प्रकल्पाचे उदाहरण पाहावे. मार्च २०२१ मध्ये त्यांच्या प्रॉक्सीची किल्ली चोराच्या हाती लागली. त्याने कॉन्ट्रॅक्ट बदलले आणि सुमारे ५.९ कोटी टोकन नव्याने छापले. कोडमधील एखादी चूक शोधण्याचे कष्ट त्याला पडलेच नाहीत, कारण मालकाला जे करण्याची मुभा होती तेच त्याने केले. आपल्या ओनरचे अधिकार तेवढेच आहेत, आणि ते वॉलेट बहुधा संस्थापकांच्या लॅपटॉपवर असावे. माझा अंदाज चुकला तर आनंदच आहे.

निदान मल्टिसिग (एकाहून अधिक सह्या लागणारे वॉलेट) ठेवावे आणि कॉन्ट्रॅक्ट बदलण्यापुढे ४८ तासांचा टाइमलॉक असावा, म्हणजे बदल लागू होण्याआधी तो सर्वांना दिसतो. थांबवण्याचा अधिकार मात्र टाइमलॉकबाहेर ठेवावा, नाहीतर चोरी चालू असताना आपण दोन दिवस बघत बसाल. टोकन छापण्याचा रोजचा अधिकार वेगळ्या भूमिकेला द्यावा आणि त्यावर दैनिक मर्यादा घालावी. मल्टिसिगच्या किल्ल्या खरोखर वेगळ्या माणसांकडे असाव्यात. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिज या दोन ब्लॉकचेनमध्ये रकमा नेणाऱ्या यंत्रणेतून १,७३,६०० इथर (इथेरियमचे चलन) आणि २.५५ कोटी यूएसडीसी (डॉलरशी बांधलेली टोकन) चोरीला गेले. तेथे नऊपैकी पाच सह्या लागत होत्या, आणि चोराने मिळवलेल्या पाचांपैकी चार एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या.

प्रॉक्सीविषयी एक तपासणी आजच करावी. प्रॉक्सीमागचे मूळ कॉन्ट्रॅक्ट इनिशियलाइझ न करता, म्हणजे मालक वगैरे न ठरवता, तसेच उघडे सोडलेले नाही ना? नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी वॉलेटची सामाईक लायब्ररी अशीच बेवारस राहिली होती. एकाने तिची मालकी स्वतःकडे घेतली, ती नष्ट केली, आणि ५ लाख १३ हजारांहून अधिक इथर कायमचे गोठले. आपला प्रकार हुबेहूब तो नाही, पण कन्स्ट्रक्टरमध्ये (कॉन्ट्रॅक्ट तयार होताना एकदाच चालणाऱ्या भागात) इनिशियलायझर बंद करण्याची एक ओळ लिहायला काही पडत नाही. तसेच नवीन फंक्शनसाठी एखादे चल (व्हेरिएबल) वाढवले असेल तर ते जुन्या चलांच्या शेवटीच आहे ना, हे पाहावे; मध्ये घुसवले तर जुन्या वहीतील आकडे भलत्याच रकान्यात वाचले जातील.

तुर्भे गाळा यांचे उत्तर

मला सॉलिडिटी येत नाही, पण आमच्या घरी तीन पिढ्या फळांची आडत आहे आणि ही टोकन उद्या आमच्याच गळ्यात पडणार आहेत, म्हणून लिहितो. आमच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. काटा दुरुस्त केला तर तो शिक्का चालत नाही, पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते. दुरुस्ती लहान होती की मोठी, हे कोणी विचारत नाही. आपले संस्थापक बाजारात येऊन जुना शिक्का दाखवणार असतील तर हा प्रश्न त्यांना कोणीतरी विचारीलच. आणि माझ्यासारख्याने घरबसल्या काय पाहावे, तेही येथे कोणी सांगावे. अहवाल इंग्रजीत चाळीस पानांचा असतो, तो गाळ्यावर बसून कोण वाचणार?

खाडीपलीकडचा यांचे उत्तर

आपला प्रश्न रास्त आहे. ब्लॉक एक्सप्लोरर या ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टोकनचा पत्ता टाकला की सोर्स (मूळ कोड) पडताळलेला आहे की नाही ते दिसते. तो प्रॉक्सी असेल तर सध्या त्यामागे कोणत्या पत्त्यावरचे कॉन्ट्रॅक्ट चालू आहे, हेही कळते. तो पत्ता अहवालातील पत्त्याशी जुळवावा. त्यानंतर ‘ओनर’ हा रकाना उघडावा. तेथे साधे वॉलेट दिसले तर सर्व अधिकार एका किल्लीवर आहेत असे समजावे. पाच मिनिटांचे काम आहे, तरी दहा हजारांत एखादा ते करीत असेल, हेही खरे.

घणसोलीकर यांचे उत्तर

सर्वांचे आभार. काल ऐरोलीहून घरी जाताना गाडीतच तो अनचेक्ड खंड काढला आणि रात्री फाउंड्रीवर वरचे समीकरण लावले. जुन्या कोडवर ते काही मिनिटांत मोडले, नव्यावर अजून टिकून आहे. काळ्या यादीची शंकाही खरी निघाली. टेस्टनेटवर (चाचणीच्या ब्लॉकचेनवर) एका बंद पत्त्यामुळे पूर्ण यादी परत आली. रक्कम ज्याची त्याने उचलावी असा बदल करीत आहे, त्यामुळे ते फंक्शनच जवळपास नव्याने लिहावे लागेल. इनिशियलायझर बंद करण्याची ओळ आमच्याकडे आधीपासून होती.

लॅपटॉपचा अंदाज चुकला. वॉलेट संस्थापकांच्या फोनमध्ये आहे.

पुनर्तपासणीला त्यांनी होकार दिला, पण टाइमलॉकला अजून नाही. ‘घाईची दुरुस्ती कशी करणार’ असे ते विचारतात. थांबवण्याचा अधिकार वेगळा ठेवण्याचा मुद्दा त्यांना सोमवारी समजावून सांगणार आहे. मल्टिसिगसाठी तीनपैकी दोन सह्या ठरल्या आहेत: एक संस्थापकांची, एक आमच्या हिशेबनिसांची. तिसरी किल्ली कंपनीबाहेर असावी म्हणून बाजारातील एखाद्या आडतदाराला विचारावे असे मनात आहे. तुर्भे गाळा, आपली तयारी असेल तर कळवावे. हार्डवेअर वॉलेट (किल्ली ठेवण्याचे छोटे उपकरण) आम्ही देऊ.