जपानचा कोकाकु सम्राट, हातात सत्ता नव्हती तर करायचा काय?

तापीकाठचा:
2019 ला जपानचे सम्राट अकिहितोंनी गादी सोडली तेव्हा टीव्हीवर सारखं चालू होतं की 1817 नंतर पहिल्यांदाच असं झालं. तो 1817 वाला म्हणजे कोकाकु. पोराला जपानवर प्रोजेक्ट दिलाय, पण कारभार सगळा शोगुनकडे, म्हणजे तिथल्या सरसेनापतीकडे, तर मग हा क्योतोत बसून करत काय होता? सांगा ना भो कोणीतरी.

अमळनेरकर:
सातारा आणि पुणे आठव, चित्र बरंचसं तसंच. 1787 ला सम्राट 15 वर्षांचा, एदोत (आताचं टोकियो) शोगुन इएनारी 13 चा आणि इकडे पुण्यात सवाई माधवरावपण 13 चेच 😄 नाना फडणवीसांच्या जागी तिकडे मात्सुदाइरा सादानोबु. कोकाकु तर थेट राजपुत्रपण नव्हता, धाकट्या पातीतला, मठात जायचा होता, पण आधीचा सम्राट मुलगा नसताना गेला म्हणून 1780 ला याला दत्तक घेऊन बसवलं.

केळीवाला:
खरी गोष्ट पुढंच आहे. तेव्हा तेनमेईचा दुष्काळ, तांदूळ मिळेना. आपल्याकडं पाऊस लांबला की पोराला लिंबाचा पाला बांधून धोंडी धोंडी पाणी दे करत फिरवतात, तिथं 1787 च्या उन्हाळ्यात हजारो लोक राजवाड्यालाच प्रदक्षिणा घालायला लागले, देवळात टाकतात तसे दाराशी पैसे टाकायचे, आणि आधी स्वतः गादीवर बसून गेलेली सम्राज्ञी गो-साकुरामाची हिनं त्यांना सफरचंदं वाटली. कोकाकुनं शोगुनच्या सरकारला सांगून पाठवलं की लोकांना धान्य द्या. 1615 च्या कायद्यानं दरबारानं राज्यकारभारात बोलायचंच नव्हतं! तरी 1500 कोकू तांदूळ निघाला, एक कोकू म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं खाणं.

अमळनेरकर:
हो, पण बापाच्या बाबतीत हरला ना. वडील स्वतः कधी गादीवर नव्हते, त्यामुळं दरबारात मंत्र्यांच्या खाली बसायचे, हे पोराला खटकायचं. त्यांना निवृत्त सम्राटाचा मान द्या म्हणून वर्षानुवर्षं मागे लागला, सादानोबुनं नाहीच दिला. मिळाला तो 1884 ला, तोवर बापही गेलेला आणि पोरगाही. गादी सोडणं मात्र तेव्हा रिवाजातलंच, मुलाला बसवलं आणि 1840 पर्यंत जगला.

तापीकाठचा:
आते समजनं भो 🙏 पोरगं म्हणतंय चार्टवर सफरचंदंच काढतो, राजवाडा जमत नाही.