मदत हवी आहे: वहिनीच्या चवड्यातली नस जाड झाली आहे, इंजेक्शन घ्यावं की थेट ऑपरेशन?

नमस्कार. वहिनीसाठी लिहिते आहे. ती एसटीत वाहक आहे, वय ४६. दिवसभर चालत्या गाडीत उभं राहायचं, आणि ब्रेक लागला की सगळा भार चवड्यावर. गेल्या दिवाळीच्या गर्दीपासून तिचा डावा चवडा दुखतोय. अंगठा पहिला धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधली फट, तीही तळव्याच्या बाजूने. आधी बुटात खडा अडकलाय असं वाटायचं. बूट काढून झटकला तर आत काही नसायचं. आता तिथे आग होते, मध्येच करंट बसावा तशी कळ त्या दोन बोटांच्या टोकापर्यंत जाते आणि नंतर बोटं बधिर राहतात. शेवटच्या थांब्यावर गाडी लागली की ती आधी बूट काढते, चवडा चोळते, मग थोड्या वेळाने उतार पडतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या आणि बी-१२ दिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या कुरूप असेल, पण कातडी एकदम स्वच्छ आहे. एक्स-रेत काही निघालं नाही, युरिक ॲसिड नॉर्मल. साखर मात्र काठावर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१. मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चवडा दोन्ही बाजूंनी दाबला तेव्हा आत काहीतरी कट् करून सरकलं आणि वहिनी ओरडलीच. सोनोग्राफीत तिसऱ्या फटीत ७ मिलिमीटरची जाड नस दिसली, निदान मॉर्टन्स न्यूरोमा. ते म्हणाले स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ. दुसरं मत घेतलं तर ते डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनात वेळ घालवू नका, नस काढून टाकू.

वहिनी दोन गोष्टींनी धास्तावली आहे. न्यूरोमा म्हणजे गाठ, आणि गाठ म्हटलं की तिला कॅन्सरच आठवतो. दुसरं, नस जाड झाल्याचं कळल्यावर नात्यातल्या कुणीतरी कुष्ठरोगाचं नाव काढलं. त्या रात्री ती जेवली नाही. घर तिच्या पगारावर चालतं आणि माझ्या दादापेक्षा ती जास्त कष्ट करते, हे मी बहीण असून सांगते. कुणाला यातली माहिती किंवा अनुभव असेल तर कृपया लिहा. आधी काय करावं, आणि ऑपरेशन केलं तर ती पुन्हा उभ्याने ड्यूटी करू शकेल का?

प्रतिसाद

ताई, मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. वहिनींचा पाय पाहिलेला नाही, त्यामुळे हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडावं एवढ्याच हेतूने लिहितो.

आधी त्यांना सांगा की हा कॅन्सर नाही आणि कॅन्सरमध्ये बदलणारं काहीही नाही. नावात न्यूरोमा असला तरी ही खरी गाठ नव्हे. बोटांकडे जाणारी संवेदनेची नस चवड्याच्या हाडांच्या मधून जाते. हाडांना आडवं बांधून ठेवणारा एक पट्टा असतो, त्याच्या खालून. पुढे निमुळता बूट असला किंवा टाच उंच असली की नस तिथे चेपली जाते आणि बोटं वर वळली की पट्ट्याच्या कडेवर ताणली जाते. हे वारंवार होत राहिलं की नसेभोवती तंतुमय थर साठतो आणि ती जाड होते. तिसऱ्या फटीत हे सर्वांत जास्त दिसतं, त्याखालोखाल दुसऱ्या फटीत. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक मॉर्टन यांनी १८७६ साली या दुखण्यावर लिहिलं म्हणून त्यांचं नाव लागलं, पण लंडनच्या डरलाकर यांनी १८४५ मध्येच याचं वर्णन केलं होतं.

कुष्ठरोगाबद्दल. त्यात नसा जाड होतात हे खरं आहे, पण त्या वेगळ्या: कोपराच्या मागची, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची, घोट्याच्या आतल्या बाजूची, मानेवरची. बहुतेकदा सोबत अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा असतो, हातापायाची ताकद कमी झालेली असू शकते. फक्त बोटांच्या फटीतली एक नस, तीही बूट घातल्यावरच दुखणारी, हे ते चित्र नाही. मनातली भीती जात नसेल तर त्वचारोगाच्या ओपीडीत एकदा दाखवून या. आणि उद्या कुणाला तो आजार निघालाच तरी त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. कुणी जेवण टाकावं असं त्यातही काही नाही.

तुम्ही लिहिलेला कट् आवाज म्हणजे मल्डर क्लिक. डच डॉक्टर मल्डर यांनी १९५१ मध्ये ती तपासणी सांगितली. मात्र आवाजासोबत नेहमीची कळ यायला हवी, नुसत्या आवाजाला अर्थ नाही. तसंच नुसत्या सोनोग्राफीलाही नाही. काहीही न दुखणाऱ्या अनेक लोकांच्या पायात तपासणी केली तर अशी जाड नस सापडते. म्हणून रिपोर्टवरच्या ७ मिलिमीटरला घाबरू नका. निदान ठरतं ते दुखण्याच्या गोष्टीवरून आणि बोटाने दाबून पाहण्यावरून.

मला तीन गोष्टी सांगा. दाबल्यावर जास्त कुठे दुखतं, दोन हाडांच्या मधल्या फटीत की हाडाच्या टोकावर? दुसरं बोट वर उचललं गेलंय किंवा त्याच्या बुडाशी सूज आहे का? उजव्या पायालाही मुंग्या येतात का?

धागाकर्ती

डॉक्टर, मनापासून आभार. वहिनीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिने दोनदा वाचायला लावला.

आज पुन्हा दाबून पाहिलं. हाडावर दाबलं तर काही नाही, फटीत दाबलं की लगेच कळ. दुसरं बोट सरळ आहे, सूज नाही. उजवा पाय ठणठणीत आहे. कंबर दुखत नाही, सकाळी सांधे आखडत नाहीत. चवड्याच्या वरच्या बाजूलाही सूज नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रश्नांमागचं कारण सांगतो म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. हाडाच्या दांड्यावर बोट ठेवल्यावर नेमकं दुखत असेल आणि वर सूज असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत तो एक्स-रेत दिसतही नाही. दुसऱ्या बोटाच्या बुडाशी दुखत असेल तर तिथल्या सांध्याखालची जाड पट्टी फाटलेली असू शकते. तिथे स्टेरॉइड दिलं तर ती आणखी कमजोर होते, म्हणून हा फरक करणं फार महत्त्वाचं. मधुमेहाची आग सहसा दोन्ही पायांना एकदम, बोटांपासून वर चढत जाते. वहिनींचं एका पायाचं, एका फटीचं आहे. निदान बरोबर वाटतं.

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंजेक्शन की ऑपरेशन यावर डॉक्टर बोलतीलच, पण तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये वहिनींचे बूट कुणी हातात घेऊन पाहिल्याचा उल्लेख नाही. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये हेच राहून गेलेलं असतं. कितीही चांगलं इंजेक्शन दिलं आणि पाय परत त्याच बुटात कोंबला तर नस पुन्हा चेपणारच.

एक कोरा कागद जमिनीवर ठेवा. संध्याकाळी, ड्यूटीहून आल्यावर पाय थोडा पसरलेला असतो तेव्हा, वहिनींना अनवाणी त्यावर उभं करा. पूर्ण भार टाकून. पेन्सिलने कडा काढा आणि कापून घ्या. तो कागद बुटाच्या आतल्या तळव्यावर ठेवा. चवड्यापाशी कागद दुमडत असेल तर तो बूट त्यांच्या पायाचा नाही, नंबर बरोबर असला तरी. नंबर लांबीचा असतो, त्यांना रुंदी हवी आहे. पुढे गोल किंवा चौकोनी, टाच एका इंचापेक्षा कमी, तळवा जाड आणि चवड्यापाशी सहज न वाकणारा असा बूट घ्या. काळ्या रंगात पुरुषांच्या विभागात बघा, तिथे रुंद मिळतात.

दुसरी गोष्ट पॅड. मेटाटार्सल पॅड म्हणून सिलिकॉनचा किंवा फेल्टचा, थेंबाच्या आकाराचा मिळतो. लोक तो दुखऱ्या जागेच्या बरोबर खाली लावतात आणि दुखणं वाढलं म्हणून फेकून देतात. तो दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेकडच्या बाजूला लावायचा असतो. म्हणजे हाडं थोडी उचलली जाऊन फाकतात आणि नसेला जागा मिळते. जागा शोधायला सोपं आहे: चवड्याच्या दुखऱ्या ठिकाणी ओलं कुंकू किंवा लिपस्टिक लावा आणि बुटात पाय घालून एकदा उभं राहा. आत ठसा उमटेल. पॅडचा पुढचा गोल भाग त्या ठशाच्या किंचित मागे संपला पाहिजे. पहिल्या दिवशी तासभरच वापरा, मग वाढवा. चवड्याच्या मागे काहीतरी टोचतंय असं सुरुवातीला वाटतं, ते चालतं. दुखरी कळ वाढली तर पॅड दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या.

तिसरी पोटरी. पोटरी आखडलेली असली की टाच लवकर उचलली जाते आणि चवडा जास्त वेळ भार वाहतो. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, असं अर्धा मिनिट धरायचं. तीन-चार वेळा, सकाळ-संध्याकाळ. डेपोत गाडी सुटायच्या आधीही करता येईल.

घरात फरशीवर अनवाणी फिरणं थांबवा. स्वयंपाकघरात चप्पल नको असेल तर घरातल्यासाठी वेगळी मऊ, धुतलेली जोडी ठेवा. कोल्हापुरी पुढून मोकळी असते म्हणून बरी वाटेल, पण तिचा तळवा पायाखाली टणक आणि सपाट लागतो, या दुखण्यात सध्या नकोच. आणि चवड्यावर बसून भांडी घासणं, लादी पुसणं दुसऱ्या कुणीतरी करा. हे मी घरातल्या सगळ्यांना उद्देशून लिहिते आहे.

प्रतिसाद

माझा अनुभव. दुसऱ्या फटीत होतं. रुंद बूट आणि पॅडने निम्मं कमी झालं, पुढे जाईना म्हणून इंजेक्शन घेतलं. पहिले दोन दिवस जास्त दुखलं, मग बरेच महिने चांगले गेले. टोचलेल्या जागी कातडी थोडी पांढरी पडली आहे, बाकी त्रास नाही.

प्रतिसाद

माझं ऑपरेशन झालंय. त्याच दिवशी घरी सोडलं. त्या दोन बोटांच्या समोरासमोरच्या बाजू कायमच्या बधिर आहेत, आता लक्षातही येत नाही. मात्र पहिला महिना घरातली मदत लागतेच. वहिनींना सांगा, घाईने उभ्याच्या कामावर जाऊ नका.

धागाकर्ती

कागदाचा प्रयोग केला. कागद दोन्ही बाजूंनी दुमडला, करंगळीकडे तर चांगलाच. वहिनी बराच वेळ तो बूट हातात घेऊन बसली होती. घरातली लादी आणि भांडी आजपासून दादाकडे आणि माझ्याकडे.

डॉक्टर, साखर काठावर असताना इंजेक्शन चालेल का? आणि इतकी जाड नस असेल तर दुसरे डॉक्टर म्हणतात तसं थेट ऑपरेशन योग्य का?

प्रतिसाद

बूट, पॅड, पोटरीचे व्यायाम याला मी निदान दोन-तीन महिने देतो. दुखणं सहन होतंय, पायाची ताकद शाबूत आहे, तेव्हा थांबल्याने नुकसान नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं अगदी चूक नाही, कारण नस जास्त जाड असेल तर इंजेक्शनचा गुण टिकण्याची शक्यता कमी होते. तरी मी आधी बूट आणि पॅड, मग इंजेक्शन, शेवटी ऑपरेशन याच क्रमाने जाईन. नस एकदा कापली की परत लावता येत नाही.

इंजेक्शनचा पुरावा बरा आहे. स्कॉटलंडमधल्या १३१ रुग्णांवरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना स्टेरॉइड आणि तेवढी जागा बधिर करणारी भूल एकत्र दिली, निम्म्यांना फक्त भूल. तीन महिन्यांनी स्टेरॉइडवाल्यांची स्थिती चांगली होती. इंजेक्शन पायाच्या वरच्या बाजूने देतात, तळव्यातून नाही. त्यातल्या भुलीने कळ लगेच थांबली तर निदानालाही दुजोरा मिळतो, म्हणून वहिनींनी इंजेक्शननंतर तासाभराने कसं वाटतं ते लिहून ठेवावं. साखर काठावर असेल तर देता येतं, पण काही दिवस साखर वाढते. आधी डॉक्टरांना सांगा आणि त्या दिवसांत तपासत राहा. पुन्हा पुन्हा घेऊ नका, चवड्याखालची चरबीची गादी पातळ होते आणि मग नवंच दुखणं सुरू होतं. नस निकामी करणारी अल्कोहोलची इंजेक्शनं किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी (उष्णतेने नस जाळणं) कुणी सुचवली तर त्यांचे निकाल उलटसुलट आहेत, घाई करू नका.

ऑपरेशनची वेळ आलीच तर सर्जनना दोन प्रश्न विचारा. छेद वरून घेणार की तळव्यातून? वरून घेतला तर पायावर लवकर उभं राहता येतं आणि भार पडतो तिथे व्रण राहत नाही. दुसरा, फक्त पट्टा मोकळा करणार की नस काढणार? बहुतेकांना ऑपरेशनने बरं वाटतं, पण सगळ्यांना नाही. कापलेल्या टोकाशी नस पुन्हा वाढून दुखू शकते आणि ते दुखणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. उभ्याच्या कामावर परतायला साधारण महिना-दीड महिना धरून चाला. तोवर बसून करायचं काम मिळावं असं पत्र सर्जनकडून आधीच मागून घ्या.

धागाकर्ती

ठरलं. रविवारी वहिनीला घेऊन रुंद बूट आणायला जातोय, पॅड मागवलेत. तीन महिन्यांनी फरक पडला नाही तर पहिल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन. वहिनीचा एकच प्रश्न राहिला आहे: नवीन बूट येईपर्यंत तिला याच बुटात ड्यूटी करावी लागणार, तोवर काही करता येईल का?

प्रतिसाद

नाडीचे बूट असतील तर पुढची दोन भोकं रिकामी सोडून तिसऱ्यापासून नाडी ओवा, चवड्यावरचा दाब लगेच कमी होईल आणि टाच सैलही पडणार नाही. आतला मूळ सोल निघत असेल तर काढून पातळ घाला, तेवढीच उंची मिळते. जाड मोजे टाळा. आणि बूट दुकानात घालून पाहताना पॅड सोबत न्या, नाहीतर घरी आल्यावर पॅडसकट पाय मावायचा नाही.